नकाशावर वारा आणि प्रवाहाचे बाण बिघडतात तेव्हा: आर आणि पायथनसाठी समस्या निवारण

वाऱ्याचा किंवा समुद्री प्रवाहाचा डेटा हातात आहे, यू (पूर्वेकडे जाणारा वेग) आणि व्ही (उत्तरेकडे जाणारा वेग) असे दोन कॉलम आहेत, अक्षांश-रेखांश आहेत, आता नकाशावर बाण काढायचे, काम एवढंच. आणि तरी दर वेळी काहीतरी अडतंच. कधी बाण दिसतच नाहीत, कधी नकाशा नुसता काळा होतो, कधी सगळे बाण ठिपक्याएवढे येतात, आणि कधी बाण छान येतात पण त्यांची दिशा चुकलेली असते. हे शेवटचं सगळ्यात वाईट, कारण ना एरर येते ना वॉर्निंग, नकाशा दिसायला देखणा असतो आणि तसाच रिपोर्टमध्ये जाऊन बसतो.

माझं म्हणणं असं आहे की हे वरवर वेगवेगळे दिसणारे प्रॉब्लेम बहुतेक वेळा एकाच मुळातून येतात. बाणाला तीन गोष्टी असतात: तो कुठून निघतो ती जागा, तो कुठे जातो ती दिशा, आणि तो किती मोठा ती लांबी. जागा मोजली जाते नकाशाच्या एककात, म्हणजे अंशात किंवा प्रोजेक्शनच्या (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायच्या पद्धतीच्या) मीटरमध्ये. दिशा असते जमिनीवरची, पूर्व आणि उत्तर यांच्या हिशोबाने. आणि लांबी दाखवते वेग, जो मीटर प्रति सेकंदात आहे पण शेवटी डोळ्याला दिसणार तो कागदावरच्या सेंटीमीटरमध्येच. आता सगळ्यात पहिल्यांदा जो कोड लिहिला जातो तो काय असतो, तर शेपूट एक्स आणि वायवर, टोक एक्स + यू आणि वाय + व्हीवर. म्हणजे अंशांमध्ये मीटर प्रति सेकंद मिळवले. सॉफ्टवेअर काही बोलत नाही, त्याच्यासाठी ते नुसते आकडे आहेत. तीन गोष्टींची एककं वेगळी आहेत हे एकदा डोक्यात बसलं की खालच्या बहुतेक सगळ्या गोष्टी स्वतःच्या स्वतःला सुचायला लागतात.

खाली मी मुख्यतः आरमधलं जीजीप्लॉट२ आणि पायथनमधलं मॅटप्लॉटलिब-कार्टोपी ही चित्रं-नकाशे काढायची पॅकेजेस धरून लिहिलंय, मधेमधे बाकीचं. फंक्शनची नावं देवनागरीत लिहिली आहेत, ओळखू येतील.

खरा डेटा बाजूला ठेवा आणि आधी ही कसोटी करा

काहीही दुरुस्त करायला घेण्याआधी स्वतःच एक खोटं फील्ड बनवा. सगळीकडे यू = १०, व्ही = ०. तुमच्याच ग्रिडवर, तुमच्याच नकाशावर, तुमच्याच कोडने हे प्लॉट करा. सगळे बाण पूर्वेकडे गेले पाहिजेत, म्हणजे प्रत्येक बाण आपापल्या जागच्या अक्षांशाच्या रेषेला धरून. मग उलट करा, यू = ० आणि व्ही = १०, सगळे बाण उत्तरेकडे, आपापल्या रेखांशाच्या रेषेवर. त्यासाठी नकाशावर अक्षांश-रेखांशाच्या रेषा काढून ठेवा, नाहीतर बघणार कशाशी ताडून. उत्तर ध्रुवाचं प्रोजेक्शन असेल तर दुसऱ्या कसोटीत सगळे बाण चारी बाजूंनी उत्तर ध्रुवाकडे जाताना दिसले पाहिजेत. सगळे कागदावर सरळ वर बघत असतील तर तुमचा कोड दिशा फिरवतच नाहीये, आणि कारण तिथल्या तिथे सापडलं.

तिसरी कसोटी यू = १० आणि व्ही = १० ची, ही ६० अंश अक्षांशाच्या आसपास करा. पहिल्या दोन पास होऊन ही नापास होऊ शकते, का ते दिशेच्या भागात येईल. ही कसोटी न करता खऱ्या डेटावर तासन् तास घालवणारे खूप जण असतात, आणि खऱ्या डेटात वारा इतका वळतो वाकतो की २० अंशांची चूक नुसत्या नजरेला कळतच नाही.

बाण दिसतच नाहीत

आधी बघा की नकाशा कुठल्या एककात आहे. जीजीप्लॉट२ मध्ये कोऑर्ड_एसएफ वापरून नकाशा मीटरवाल्या प्रोजेक्शनमध्ये नेला, आणि बाण जिओम_सेगमेंटने अक्षांश-रेखांशात दिले, तर ते बाण काढले जातात पण प्रोजेक्शनच्या शून्य बिंदूजवळ, समजा बिंदू ७२ रेखांश आणि १९ अक्षांशाचा असेल तर ७२ मीटर पूर्वेला आणि १९ मीटर उत्तरेला अशा ठिकाणी. हजारो किलोमीटरच्या नकाशावर ते दिसणार कुठून. एसएफ लेयर, म्हणजे आपलं प्रोजेक्शन सोबत बाळगणारे नकाशाचे लेयर, आपोआप प्रोजेक्ट होतात, जिओम_सेगमेंटसारखे साधे लेयर आपोआप होत नाहीत, हा फरक लक्षात ठेवा. उपाय म्हणजे कोऑर्ड_एसएफला डिफॉल्ट_सीआरएस म्हणून ४३२६ (साध्या अक्षांश-रेखांशाचा क्रमांक) द्या, नाहीतर बाणांची दोन्ही टोकं आधीच प्रोजेक्ट करून मग द्या. मला दुसरा उपाय जास्त आवडतो कारण मग काय चाललंय ते आपल्या हातात राहतं. कार्टोपीत ह्याचंच भावंड म्हणजे क्विव्हरला (बाण काढणाऱ्या फंक्शनला) ट्रान्सफॉर्म, म्हणजे डेटा कुठल्या प्रोजेक्शनमध्ये आहे ते, द्यायला विसरणं, सगळे बाण एका बिंदूत गोळा झालेले दिसले की पहिला संशय हाच.

जागा बरोबर असून बाण दिसत नाहीत असंही होतं. नकाशा मीटरमध्ये आहे, शेपूट मीटरमध्ये आहे, आणि टोक काढताना यू म्हणजे ८ तसाच मिळवला. ८ मीटर लांबीचा बाण ३००० किलोमीटर रुंद नकाशावर. बेस आरमधलं ॲरोज हे फंक्शन अशा वेळी निदान एक वॉर्निंग तरी देतं, झिरो-लेंग्थ ॲरो इज ऑफ इनडिटरमिनेट अँगल अँड सो स्किप्ड अशी. ती वॉर्निंग आली म्हणजे वारा शून्य आहे असं नाही, कागदावर बाणाची लांबी इंचाच्या एक हजारांश भागापेक्षा कमी झालीये एवढाच तिचा अर्थ. खरंच शांत वारा असलेले एखाद-दुसरे बिंदू असतील तर वॉर्निंग सोडून द्या, पण सगळेच बाण गायब असतील तर स्केल चुकलंय.

आणखी एक कारण जे पटकन ध्यानात येत नाही: डेटाचे रेखांश ० ते ३६० असतात आणि नकाशाचे -१८० ते १८०. ईआरए५ ह्या जगभरच्या हवामान डेटासेटचा डेटा असाच ० ते ३६० येतो. मग नकाशाच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात बाण दिसतात आणि पश्चिमेकडचा अर्धा रिकामा. १८० पेक्षा जास्त रेखांशातून ३६० वजा करा, आणि वजा केल्यावर रेखांश परत चढत्या क्रमाने लावा, यू आणि व्ही सकट, नाहीतर पुढे इंटरपोलेशन (मधल्या जागांच्या किमती काढणं) किंवा रास्टर (किमती भरलेल्या चौकोनांचं जाळं) करताना वेगळाच घोळ होतो.

आणि जीजीप्लॉट२ मध्ये नकाशाचा भाग कापायला स्केल_एक्स_कंटिन्युअसच्या लिमिट्स वापरू नका. तिथे टोक लिमिटच्या बाहेर गेलं की तो अख्खा बाण काढून टाकला जातो, त्यामुळे नकाशाच्या कडेची एक पट्टी रिकामी दिसते. कोऑर्डच्या एक्सलिम आणि वायलिममध्ये मर्यादा द्या, मग बाण कडेला कापला जाईल पण नाहीसा होणार नाही.

स्टाटा हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी एकच गोष्ट, टूवे पीसीॲरो ला क्रम वाय१, एक्स१, वाय२, एक्स२ असा लागतो, वाय आधी. बाकी ठिकाणची सवय घेऊन एक्स आधी दिला तर नकाशा आडवा पडतो.

सगळा नकाशा काळा होतो

ह्यात फार काही नाही, बाण जास्त झालेत. ईआरए५ ची ग्रिड ०.२५ अंशांची, सगळ्या जगाची म्हटली तर १४४० गुणिले ७२१, म्हणजे १०,३८,२४० बिंदू. तेवढे बाण कुठल्याच कागदावर मावणार नाहीत. दर २० वा बिंदू घेतला तर ग्रिड ५ अंशांची होते आणि ७२ गुणिले ३७, म्हणजे २६६४ बाण उरतात, जगाच्या नकाशाला एवढे पुरतात. आरच्या मेटआर पॅकेजमध्ये ह्यासाठी स्किप हा पर्याय आहे, पायथनमध्ये स्लाइसिंगने दर अमुकवा घ्या.

रँडम सॅम्पल मात्र घेऊ नका. बाण कुठे दाट कुठे विरळ येतात आणि वाचणाऱ्याला वाटतं तिथे काहीतरी जास्त घडतंय. ध्रुवांकडे गेलात तर नियमित अक्षांश-रेखांशाची ग्रिडसुद्धा दाट होत जाते कारण रेखांश एकमेकांजवळ येतात, तिथे प्रोजेक्शनच्या मीटरमध्ये नवी चौकोनी ग्रिड बनवून त्यावर डेटा आणावा लागतो. कार्टोपीत क्विव्हरचा रिग्रिड_शेप हेच करतो आणि फार सोयीचा आहे.

नुसते बिंदू गाळायचे की आसपासच्या बिंदूंची सरासरी घ्यायची, हा प्रश्न असतो. गाळलं तर दिसणारा प्रत्येक बाण खरा असतो पण मधलं एखादं छोटं भोवऱ्यासारखं वळण निसटू शकतं, सरासरी घेतली तर नकाशा शांत दिसतो पण वेग कमी दिसायला लागतो. मी स्वतः वेगाचा रंग खाली पूर्ण रिझोल्यूशनला भरतो आणि वर विरळ बाण फक्त दिशेसाठी ठेवतो. सरासरी घेणार असाल तर यू आणि व्हीची वेगवेगळी घ्या, दिशेच्या अंशांची कधीच नाही, कारण ३५० आणि १० ह्यांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे दोन्ही वारे उत्तरेकडून येतायत आणि तुमचा बाण सांगतोय की वारा दक्षिणेकडून येतोय. इंटरपोलेशनलाही हाच नियम.

लांबी आणि बाणाचं डोकं

बेस आरच्या ॲरोजमध्ये लेंग्थ हा आर्ग्युमेंट असतो आणि सगळ्यांना वाटतं ही बाणाची लांबी. ती नाही. ती बाणाच्या डोक्याच्या कडेची लांबी आहे, इंचात, आणि डिफॉल्ट ०.२५. म्हणून दाट ग्रिडवर नुसती डोकीच डोकी दिसतात. ०.०३ ते ०.०५ करून बघा. जीजीप्लॉट२ मध्ये ॲरो फंक्शनचंही डिफॉल्ट ०.२५ इंचच आहे, तिथे युनिट(०.१, सेमी) असं काहीतरी द्या. पण डोकं सगळ्या बाणांना सारखंच राहतं, त्यामुळे मंद वाऱ्याच्या भागात दांडी डोक्यापेक्षा लहान होते आणि तिथे दिशा वाचता येत नाही. असे अगदी मंद बिंदू, समजा अर्धा मीटर प्रति सेकंदाखालचे, वेगळे काढून त्यांना साधा ठिपका द्या. मॅटप्लॉटलिब हे आपोआप करतं, फार लहान बाणाच्या जागी छोटा षटकोनी ठिपका काढतं, आणि तो बघून काही जणांना वाटतं की प्लॉट बिघडला, तर तसं नाही. पण सगळाच नकाशा ठिपक्यांचा झाला असेल तर मात्र खरंच बिघडलंय, आणि बहुतेक वेळा गुन्हेगार असतो डेटातला एखादा फिल व्हॅल्यू. जमिनीवर समुद्री प्रवाहाच्या जागी -३२७६८ किंवा १ वर वीस शून्य असा आकडा भरलेला असतो, तो मिसिंग म्हणून ओळखला गेला नाही की स्केल त्याच्यानुसार ठरतं आणि बाकी सगळे बाण चिरडले जातात. प्लॉट करण्याआधी यू आणि व्हीची किमान-कमाल किंमत एकदा छापून बघायची सवय लावून घ्या. जमिनीलगतच्या वाऱ्यात तीन आकडी मीटर प्रति सेकंद दिसला तर तिथेच थांबा.

जीजीप्लॉट२ मध्ये अजून एक बारीक गोष्ट, जुन्या कोडमध्ये दांडीची जाडी साइज ने दिलेली असते, ३.४.० पासून त्याची जागा लाइनविड्थने घेतली. मेसेज येतो त्याने घाबरू नका, नाव बदला फक्त.

आता स्केल किती ठेवायचं. माझी पद्धत अशी की सगळ्यात लांब बाण ग्रिडच्या दोन बिंदूंमधल्या अंतराएवढा असावा, त्यापेक्षा जास्त नाही. समजा २ अंशांची ग्रिड आहे आणि भाग २० अक्षांशाच्या आसपासचा, तर उत्तर-दक्षिण अंतर साधारण २२२ किमी आणि पूर्व-पश्चिम साधारण २०९ किमी. जास्तीत जास्त वेग २० मीटर प्रति सेकंद असेल तर गुणक १०००० सेकंद घ्या, सगळ्यात लांब बाण २०० किमीचा होतो. आणि ह्याला अर्थही आहे: बाणाची लांबी म्हणजे ह्याच वेगाने हवा १०००० सेकंदात, पावणेतीन तासात जेवढं अंतर जाईल तेवढी. एखादा वेड्यासारखा मोठा आकडा सगळं स्केल खाऊन टाकत असेल तर कमाल वेगाच्या जागी ९५ वा पर्सेंटाइल वापरा.

मॅटप्लॉटलिबचं क्विव्हर स्केल दिला नाही तर स्वतःच ठरवतं, बाणांच्या सरासरी लांबीवरून आणि संख्येवरून. एका चित्रापुरतं ठीक आहे. पण महिन्यामागून महिना असे १२ नकाशे शेजारी ठेवायचे असतील किंवा ॲनिमेशन करायचं असेल तर प्रत्येक चित्राचं स्केल वेगळं होतं, आणि शांत महिना वादळी महिन्याएवढाच जोरदार दिसतो. ह्यावरून कोणी निष्कर्ष काढला तर तो चुकणारच. स्केल आणि स्केल_युनिट्स हाताने द्या, मेटआरमध्ये स्केल_मॅगला मॅक्स द्या, आणि सगळ्या चित्रांना तोच आकडा. शिवाय नकाशाच्या कोपऱ्यात संदर्भाचा एक बाण हवाच, १० मीटर प्रति सेकंद असं लिहिलेला. क्विव्हरकी त्यासाठीच आहे. हा बाण नसलेल्या नकाशावरून वेग वाचता येत नाही.

दिशा: इथे वेळ द्या

सगळ्यात आधी, दिशा कुठून की कुठे. हवामानशास्त्रात वाऱ्याची दिशा म्हणजे वारा जिथून येतो ती, उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने अंशात. समुद्री प्रवाहाची दिशा म्हणजे प्रवाह जिथे जातो ती. एकाच नकाशावर दोन्ही काढायचे असले की हमखास एक उलटा येतो. वाऱ्याचा वेग आणि दिशा असे कॉलम असतील तर यू = -वेग × साइन(दिशा) आणि व्ही = -वेग × कोसाइन(दिशा). ते वजा चिन्ह विसरलं की सगळे बाण बरोब्बर १८० अंशांनी उलटे. प्रवाहासाठी वजा चिन्ह नाही. आणि साइन-कोसाइनच्या आत जाताना दिशा रेडियनमध्ये हवी, म्हणजे पाय भागिले १८० ने गुणून. हे विसरलं तर बाण चारी दिशांना विखुरलेले दिसतात, शेजारशेजारचे दोन बाणसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत. असं दिसलं की पहिल्यांदा रेडियन तपासा.

उलट बाजूने, यू-व्हीवरून कोन काढायचा असेल तर ॲटॅन२ ह्या कोन काढणाऱ्या फंक्शनमधला क्रम ठरवतो की कुठला कोन मिळणार. ॲटॅन२(व्ही, यू) म्हणजे गणिताचा कोन, पूर्वेपासून घड्याळाच्या उलट. ॲटॅन२(यू, व्ही) म्हणजे कंपासचा कोन, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने, वारा जिथे जातोय तिकडचा, त्यात १८० मिळवले की वारा जिथून येतोय ती दिशा. जीजीप्लॉट२ च्या जिओम_स्पोकला गणिताचा कोन लागतो आणि तो रेडियनमध्ये. मेटआरमध्ये कोन अंशात चालतो आणि हवामानाच्या पद्धतीसाठी स्टार्ट = -९० आणि डायरेक्शन = सीडब्ल्यू असं द्यायचं. इथे जर बाण ९० अंशांनी फिरलेले किंवा आरशात पाहिल्यासारखे उलटे दिसले तर दोन पद्धती एकमेकांत मिसळल्यात हे नक्की.

आता तो ६० अंश अक्षांशाचा प्रश्न. एक अंश अक्षांश म्हणजे कुठेही साधारण १११ किमी. एक अंश रेखांश मात्र विषुववृत्तावर तेवढाच आणि पुढे अक्षांशाच्या कोसाइनने कमी कमी होत जातो, ६० वर बरोबर निम्मा. आता यू = व्ही घ्या, म्हणजे वारा ईशान्येकडे, ४५ अंशांवर. तुम्ही टोक काढताना दोन्हीकडे सारखेच अंश मिळवले आणि नकाशा कोऑर्ड_क्विकमॅपने काढला, जो ६० अक्षांशाजवळ उभा अंश आडव्या अंशाच्या दुप्पट दाखवतो, तर बाण ४५ च्या जागी साधारण ६३ अंशांवर उभा दिसतो. शुद्ध पूर्व आणि शुद्ध उत्तर बाण ह्यात बिघडत नाहीत, म्हणून पहिल्या दोन कसोट्या पास होतात आणि तिसरी नापास. उपाय, आडव्या भागाला कोसाइन अक्षांशने भागा: रेखांशातला फरक = यू × सेकंद भागिले (१११३२० × कोसाइन(अक्षांश)), अक्षांशातला फरक = व्ही × सेकंद भागिले १११३२०. आरमध्ये हे हाताने करायचं नसेल तर जिओस्फिअर पॅकेजमधलं डेस्टपॉइंट आहे, त्याला सुरुवातीचा बिंदू, कंपासचा कोन अंशात आणि अंतर मीटरमध्ये द्यायचं, टोक मिळतं. कोन ॲटॅन२(यू, व्ही) वरून, अंतर वेग गुणिले १०००० सेकंद. एवढ्याने आरमधली निम्म्याहून जास्त दुखणी संपतात.

कार्टोपीतही हेच पण लपून बसलेलं. ट्रान्सफॉर्म म्हणून प्लेटकॅरे (अक्षांश-रेखांश सरळ उभे-आडवे मांडणारं प्रोजेक्शन) दिलं की कार्टोपी असं धरून चालतं की यू आणि व्ही त्याच प्लेटकॅरेच्या ग्रिडचे आहेत, म्हणजे एक अंश आडवा आणि एक अंश उभा सारखेच. तुमचे तर खऱ्या पूर्व-उत्तरेचे आहेत. त्यामुळे विषुववृत्ताजवळ सगळं ठीक आणि ध्रुवाकडे जावं तसे तिरपे बाण जास्त जास्त चुकत जातात, आणि आर्क्टिकचे नकाशे काढणाऱ्यांना हे सगळ्यात जास्त भोवतं. इलाज: यूला कोसाइन अक्षांशने भागा, व्ही तसाच ठेवा, मग नव्या जोडीचा वेग काढा, आणि दोघांनाही जुना वेग भागिले नवा वेग ह्याने गुणा, म्हणजे दिशा सुधारते आणि वेग होता तेवढाच राहतो. चार ओळींचं काम आहे, एक फंक्शन करून ठेवा.

साध्या मॅटप्लॉटलिबमध्ये क्विव्हरचा अँगल्स हा पर्याय बघा. डिफॉल्ट यूव्ही आहे, म्हणजे यू = व्ही असेल तर बाण स्क्रीनवर ४५ अंशांवरच, अक्ष कितीही ताणलेले असोत. एक्सवाय दिलं तर बाण डेटाच्या हिशोबाने (एक्स, वाय) पासून (एक्स + यू, वाय + व्ही) कडे बघतो. मेटआरमध्ये साधारण हाच फरक जिओम_ॲरो आणि जिओम_व्हेक्टर ह्यांच्यात आहे, पहिलं स्क्रीनवरचा कोन जपतं, दुसरं अक्षांच्या मागे जातं. कुठलं बरोबर? उत्तर वर असलेला साधा नकाशा असेल आणि वाचणारा कंपाससारखा बाण वाचणार असेल तर स्क्रीनचा कोन चालतो. पण बाण किनाऱ्याच्या रेषेला किंवा दाबाच्या रेषांना धरून जातो का हे दाखवायचं असेल तर बाण नकाशासोबतच ताणला गेला पाहिजे, नाहीतर किनाऱ्याला समांतर वाहणारा प्रवाह चित्रात जमिनीत घुसतो.

हे सगळं त्रांगडं टाळायचा माझ्या मते सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे कन्फॉर्मल प्रोजेक्शन घ्या. मर्केटर, लॅम्बर्ट कन्फॉर्मल कोनिक, ध्रुवांसाठी स्टिरिओग्राफिक. ह्यांच्यात प्रत्येक बिंदूपाशी कोन जपले जातात, म्हणून वरचा वादच उरत नाही, स्थानिक उत्तर कुठे आहे तेवढं कळलं की झालं. विषुववृत्ताजवळ मर्केटर, मध्य अक्षांशांना लॅम्बर्ट, ध्रुवांना स्टिरिओग्राफिक. फक्त मर्केटरमध्ये एक लक्षात ठेवा, खरं अंतर घेऊन बाण काढले तर ६० अक्षांशावरचा बाण त्याच वेगाच्या विषुववृत्तावरच्या बाणाच्या दुप्पट दिसतो, आणि कोपऱ्यातला संदर्भाचा बाण खोटा पडतो. म्हणून मोठ्या भागाच्या नकाशाला मी असं करतो: प्रत्येक बिंदूपासून वाऱ्याच्या दिशेने फक्त १ किमीवरचा बिंदू काढायचा, दोन्ही बिंदू प्रोजेक्ट करायचे, त्यांच्यामधल्या फरकावरून ॲटॅन२ ने नकाशावरचा कोन घ्यायचा, आणि मग त्या कोनात वेग गुणिले एकच ठरलेला आकडा एवढ्या लांबीचा बाण काढायचा. दिशा जमिनीवरून, लांबी कागदावरून, जागा प्रोजेक्शनमधून. हे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये आणि कुठल्याही प्रोजेक्शनमध्ये चालतं, म्हणून मी नव्या माणसाला थेट हेच शिकवतो.

मॉडेलचा डेटा असेल तर अजून एक पायरी आधी. डब्ल्यूआरएफसारख्या हवामान अंदाजाच्या मॉडेलचे यू-व्ही मॉडेलच्या स्वतःच्या ग्रिडच्या दिशेत असतात, खऱ्या पूर्व-उत्तरेच्या नाही. फाइलमध्ये कोसअल्फा आणि साइनअल्फा हे दोन व्हेरिएबल त्यासाठीच दिलेले असतात: खरा यू = यू × कोसअल्फा − व्ही × साइनअल्फा, आणि खरा व्ही = व्ही × कोसअल्फा + यू × साइनअल्फा. फिरवल्यावर वेग बदलत नाही, तेव्हा आधीचा आणि नंतरचा वेग सारखा आहे का बघा, नसेल तर कुठेतरी चिन्ह चुकलंय. समुद्राच्या आरओएमएस मॉडेलमध्ये ह्याच कामासाठी अँगल नावाचं व्हेरिएबल असतं. आणि ह्या मॉडेलमध्ये यू आणि व्ही ग्रिडच्या वेगवेगळ्या कडांवर असतात, एकाच्या कॉलमची संख्या एकने जास्त. लांबी जुळत नाही अशी एरर आली म्हणून शेवटचा कॉलम छाटून टाकू नका, शेजारच्या दोन-दोन किमतींची सरासरी घेऊन दोन्ही चौकोनाच्या मध्यावर आणा. डब्ल्यूआरएफचे १० मीटर उंचीवरचे यू१० आणि व्ही१० आधीच मध्यावर असतात, त्यांना ही सरासरी लागत नाही.

आरच्या रास्टरव्हिस पॅकेजचं व्हेक्टरप्लॉट वापरणाऱ्यांनी इझफील्ड = डीएक्सवाय देणं विसरू नका. ते नाही दिलं तर तुमच्या रास्टरचा उतार काढून त्याचे बाण येतात, दिसायला अगदी वाऱ्यासारखे.

१८० रेखांशावर आडव्या रेघा

जगाच्या नकाशावर काही बाण एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे ताणले जातात. शेपूट १७९.८ वर, टोक १८०.३ वर, आणि कोणीतरी ते -१७९.७ करून दिलं. शेपूट आणि टोक ह्यांच्या रेखांशातला फरक १८० पेक्षा जास्त असेल तर टोकात ३६० मिळवा किंवा वजा करा. नकाशाचा मध्य पॅसिफिकमध्ये असेल तर सरळ ० ते ३६० मध्येच काम करा.

नकाशा उलटा किंवा पलटलेला

आरमधलं एनसीव्हार_गेट नेटसीडीएफ (हवामानाचा डेटा ज्यात येतो तो प्रकार) फाइल वाचताना रेखांश आधी, अक्षांश नंतर असा क्रम देतं, पायथनमध्ये बरोबर उलट, अक्षांश आधी. आरमध्ये एक्सपांड.ग्रिड(रेखांश, अक्षांश) केलं की यूचा वेक्टर त्याच्याशी जुळतो, आतला क्रम बदलला तर सगळे बाण चुकीच्या जागी जातात आणि तरीही काही एरर येत नाही कारण संख्या तेवढीच असते. ईआरए५ मध्ये अक्षांश ९० पासून -९० कडे उतरत्या क्रमाने असतात हेही इथेच नडतं, रास्टर बनवताना उत्तर खाली जाते. आणि अशा वेळी चित्र फिरवून सरळ केलं तर बाणांच्या जागा सुधारतात पण व्हीचं चिन्ह तसंच राहायला हवं, ते कोणीतरी सोबत पलटवतं आणि नवीन चूक घुसते.

सगळं बरोबर वाटलं की माहितीतल्या गोष्टींशी एकदा ताडून बघा. दक्षिण गोलार्धात ४० ते ६० अक्षांशात महिन्याच्या सरासरीचे बाण पश्चिमेकडून पूर्वेकडेच गेले पाहिजेत. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना महासागरावर व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेला. उत्तर गोलार्धातलं चक्रीवादळ घड्याळाच्या उलट फिरतं, दक्षिणेतलं घड्याळाप्रमाणे. प्रवाहाचा नकाशा असेल तर गल्फ स्ट्रीम अमेरिकेच्या किनाऱ्यावरून ईशान्येकडे जाताना दिसला पाहिजे. वादळ योग्य दिशेने फिरतंय पण वारा केंद्रातून बाहेर फेकला जातोय असं जमिनीलगतच्या नकाशावर दिसत असेल तर परत दिशेच्या भागात जा.

एवढं करूनही अडलात आणि कोणाला विचारायचं असेल तर चार गोष्टी सोबत द्या: नकाशाचा सीआरएस (कुठलं प्रोजेक्शन ते), यू-व्हीचं एकक, दिशा कुठून की कुठे, आणि यू = १०, व्ही = ० वाल्या कसोटीचं चित्र. खऱ्या डेटाचं चित्र बघून कोणालाही लगेच काही सांगता येत नाही, कसोटीच्या चित्रावरून बहुतेक वेळा लगेच सांगता येतं.